टॅरंटुलाच्या खरेदीबरोबर येणारी जिवंत भेट

अमेरिकेत आणि युरोपातील अनेक देशांत टॅरंटुला हे मोठे, केसाळ कोळी घरी पाळण्याचा छंद गेल्या काही दशकांत चांगलाच रुजला असून, त्या छंदाच्या बाजारात एक प्रथा आता जवळजवळ नियमासारखी पाळली जाते. गिऱ्हाइकाने एखादा कोळी विकत घेतला, की पैदास करणारा विक्रेता त्याच खोक्यात न मागितलेली आणखी एक-दोन पिल्ले भेट म्हणून घालतो, आणि खरेदी मोठी असेल तर या भेटींची संख्याही वाढत जाते. या छंदातील लोक अशा पिल्लाला 'फ्रीबी' म्हणतात, त्याची उत्सुकतेने वाट पाहतात आणि कोणता विक्रेता किती सढळ हाताने देतो याची आपापसांत चर्चाही करतात. वाण्याने माप भरल्यावर मूठभर धान्य वर घालावे तशी ही रीत वरवर पाहता दिसते. परंतु येथे वर घातला जाणारा जीव २० वर्षेही जगू शकणारा असल्यामुळे, ही रीत कशी निर्माण झाली, तिच्यात कोणाचा भार कोणाकडे जातो आणि ती कोणत्या अटींवर योग्य ठरते, हे प्रश्न गांभीर्याने विचारात घेण्याजोगे आहेत.

टॅरंटुला हे नाव सामान्यतः थेरॅफोसिडी या कुलातील कोळ्यांना दिले जाते आणि या कुलात आजवर १,००० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे. त्यांचे ढोबळमानाने दोन गट पाडले जातात. अमेरिका खंडांतील बहुतेक जातींच्या पोटावर खाजरे केस असतात, आणि धोका जाणवताच हे कोळी मागच्या पायांनी ते केस झटकून शत्रूच्या अंगावर उडवतात. त्यांचे विष मात्र माणसाच्या दृष्टीने बहुधा सौम्य असते. आशिया आणि आफ्रिकेतील जातींना असे केस नसतात, त्यामुळे त्या बचावासाठी वेगावर आणि दंशावर अवलंबून असतात, आणि त्यांच्यापैकी काहींचा दंश बराच त्रासदायक ठरतो. छंदातील लोक या दोन गटांना अनुक्रमे 'न्यू वर्ल्ड' आणि 'ओल्ड वर्ल्ड' म्हणतात, आणि फुकट आलेले पिल्लू यांपैकी कोणत्या गटातले आहे यावर ते कोणाच्या हाती द्यावे हे बरेचसे ठरते.

वरकड पिल्ले कोठून येतात

या प्रथेचे मूळ टॅरंटुलाच्या प्रजननात आहे. मीलनानंतर काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी मादी रेशमाची चादर विणून तिच्यावर अंडी घालते आणि तिची गोल पिशवी करून ती जपते. वृक्षवासी जातींच्या पिशवीत साधारणपणे ५० ते २०० अंडी असतात, तर जमिनीवर राहणाऱ्या काही जातींमध्ये हा आकडा कित्येक शेकड्यांवर जातो. ब्राझीलमधील लॅसिओडोरा पराहिबाना या जातीची एकच मादी एका वेळी हजाराहून अधिक, कधी २,००० पर्यंत पिल्लांना जन्म देऊ शकते. निसर्गात ही संख्या आवश्यकच असते, कारण मुंग्या, परजीवी माश्या, पक्षी, दुष्काळ आणि उपासमार यांतून प्रौढावस्थेपर्यंत पोहोचणारी पिल्ले अगदी थोडी असतात, आणि उरलेल्यांचा मृत्यू हा त्या जातीच्या जीवनक्रमात गृहीत धरलेला असतो.

पैदासकाराच्या खोलीत हा हिशेब पूर्णपणे बदलतो. मादीने पिशवी खाऊन टाकू नये म्हणून तो अनेकदा महिनाभराने ती काढून घेतो, अंडी उबदार आणि दमट जागी ठेवतो, बुरशी लागलेली अंडी वेचून बाजूला करतो आणि शक्य तेवढी पिल्ले जगवतो. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू प्रथम जवळजवळ हालचालही न करणारे, फिकट रंगाचे असते. त्यानंतर एक-दोनदा कात टाकल्यावर, म्हणजे वाढीसाठी शरीराचे बाह्य कवच उतरवून टाकल्यावर, ते चालू आणि शिकार करू लागते. याच टप्प्यावर पैदासकाराची खरी अडचण सुरू होते, कारण बहुतेक जातींची पिल्ले आता एकमेकांना खाऊ लागतात. सोकोत्रा बेटावरील मोनोसेंट्रोपस बाल्फोरीसारख्या मोजक्याच जाती एकत्र ठेवल्यास गुण्यागोविंदाने राहतात. इतरांच्या प्रत्येक पिल्लासाठी वेगळी डबी, तिला हवेची छिद्रे, नारळाच्या भुश्याचा ओलसर थर आणि त्याला पेलेल एवढी बारीक शिकार पुरवावी लागते. पंख नसलेल्या फळमाश्या किंवा नुकतेच जन्मलेले रातकिडे शेकडो डब्यांत एकेक करून टाकणे हे काम दर आठवड्याला करायचे असते, आणि एवढ्या पिल्लांना गिऱ्हाईक मिळेपर्यंत ते थांबत नाही.

प्रजननासाठी नरांची जी देवाणघेवाण चालते, तिच्यामुळेही पिल्लांचा साठा वाढतो. नर शेवटची कात टाकून प्रौढ झाला की त्याचे आयुष्य बहुधा काही महिन्यांचे, फार तर एक-दोन वर्षांचे उरते, तर मादी कित्येक वर्षे जगते. त्यामुळे प्रौढ नर ज्याच्याकडे असेल तो पाळणारा तो नर दुसऱ्याच्या मादीसाठी उसना पाठवतो, आणि मोबदला म्हणून जन्मलेल्या पिल्लांपैकी ठरलेला, पुष्कळदा निम्मा, वाटा घेतो. अशा रीतीने ज्याने विक्रीचा व्यवसाय करण्याचे कधी मनातही आणले नव्हते, अशा छांदिष्टाच्या घरीही एकाएकी शे-दोनशे पिल्ले येऊन पडतात, आणि ती पोसण्यापेक्षा देऊन टाकणे त्याला सोपे वाटते.

वाहतुकीचे अर्थकारण

कोळी पाठवण्याचा खर्च हे दुसरे कारण आहे. अमेरिकेच्या सरकारी टपाल सेवेतून कोळी पाठवण्यास मनाई असल्यामुळे विक्रेत्यांना खासगी कुरिअरची एका रात्रीत पोहोचणारी सेवा वापरावी लागते, आणि तिचा खर्च पुष्कळदा ४० ते ५० डॉलरच्या घरात जातो, तर सर्रास मिळणाऱ्या जातीच्या लहान पिल्लाची किंमत त्याच्या निम्मीही नसते. पिल्लू प्लास्टिकच्या नळीत किंवा छोट्या कुपीत ओलसर कागदाच्या आधाराने बसवले जाते, अशा कुप्या थर्मोकोलचे अस्तर लावलेल्या खोक्यात रचल्या जातात, आणि थंडीच्या दिवसांत त्यात उष्णता देणारी पुडी ठेवली जाते. खोके एकदा तयार झाले, की त्यात आणखी एक कुपी ठेवण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. गिऱ्हाइकाला मात्र त्या कुपीमुळे वाहतुकीसाठी मोजलेले पैसे सार्थकी लागल्यासारखे वाटते, म्हणूनच विक्रेते अमुक रकमेच्या खरेदीवर अमुक पिल्ले फुकट, अशी श्रेणी ठरवून देतात.

याशिवाय अनेक विक्रेते प्राणी जिवंत पोहोचण्याची हमी देतात. प्रवासात एखादे पिल्लू दगावले तर पैसे परत करावे लागतात किंवा दुसरे पिल्लू पाठवावे लागते, आणि दुसऱ्यांदा पाठवणे म्हणजे पुन्हा तेवढाच कुरिअर खर्च. त्यामुळे एकाच जातीची चार पिल्ले मागवणाऱ्याला पाच पाठवणे विक्रेत्याच्या फायद्याचे ठरते. गिऱ्हाइकाने मुळात निवडलेल्याच जातीचे असे जादा पिल्लू हे एक प्रकारचे विम्याचे साधन असून, त्याबद्दल सहसा कोणाची तक्रार नसते. खरा प्रश्न गिऱ्हाइकाने न निवडलेल्या, कधी ज्याचे नावही त्याने ऐकलेले नाही अशा जातीचे पिल्लू येते तेव्हा निर्माण होतो.

भेटीबरोबर येणारी जबाबदारी

ज्या जातींची पिल्ले सर्वाधिक संख्येने जन्मतात त्याच जाती स्वाभाविकपणे सर्वाधिक वेळा फुकट दिल्या जातात. वर उल्लेखलेला लॅसिओडोरा पराहिबाना हा त्यांपैकी एक असून, त्याचे पिल्लू येते तेव्हा जेमतेम एक सेंटिमीटरचे असते, परंतु योग्य आहार मिळाल्यास तीन-चार वर्षांत त्याच्या पायांचा पसारा २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणजे तो जगातील सर्वांत मोठ्या कोळ्यांमध्ये जाऊन बसतो. त्याचे खाजरे केस त्वचेला खाज आणतातच, पण डोळ्यांत गेल्यास बुबुळापर्यंत रुतून दीर्घकाळ टिकणारा दाह निर्माण करू शकतात. मध्य अमेरिकेतील कुरळ्या केसांचा ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोसस हीदेखील वारंवार भेट मिळणारी जात असून, ती तुलनेने शांत आणि नवशिक्याला सांभाळता येण्याजोगी आहे. तरीही तिच्या मादीचे आयुष्य दोन दशकांच्या आसपास जाऊ शकते. लहान पिल्लाचे लिंग खात्रीने ओळखता येत नाही आणि ते पुढे टाकलेल्या कातीवरून ठरवावे लागते, त्यामुळे भेट घेणाऱ्याला आपण थोड्या वर्षांचा सोबती स्वीकारत आहोत की २० वर्षांची जबाबदारी, हेही त्या वेळी कळत नाही.

नवशिक्याच्या हाती 'ओल्ड वर्ल्ड' गटातील पिल्लू पडले तर प्रश्न अधिक गंभीर होतो, आणि येथे या विषयाचा भारताशी थेट संबंध येतो. पोइसिलोथेरिया या प्रजातीतील, म्हणजे परस्परांशी जवळचे नाते असलेल्या जातींच्या या समूहातील कोळी फक्त भारत आणि श्रीलंकेतच आढळतात. त्यांपैकी पोइसिलोथेरिया रेगालिस हा सह्याद्रीसह दक्षिण भारतातील जंगलांत झाडांच्या ढोल्यांत राहणारा देखणा कोळी पाश्चात्त्य देशांत कित्येक पिढ्या बंदिवासात वाढवला गेला असून, या प्रजातीतील स्वस्त जातींमध्ये त्याची गणना होते. टॅरंटुलाच्या दंशाने माणूस दगावल्याची विश्वासार्ह नोंद नाही. परंतु पोइसिलोथेरियाच्या दंशानंतर तीव्र वेदना होऊन स्नायूंना पेटके येतात आणि ते कित्येक दिवस राहिल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. डोळ्याचे पाते लवण्याआधी डबीतून बाहेर पडणारा असा कोळी, ज्याने आजवर केवळ संथ गतीचे कोळी हाताळले आहेत त्याला कल्पना न देता पाठवणे, हे औदार्य म्हणता येणार नाही.

याच प्रजातीतील पोइसिलोथेरिया मेटॅलिका या निळ्या कोळ्याचा इतिहास तर अधिकच विचार करायला लावणारा आहे. रेजिनाल्ड पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले, ते आजच्या आंध्र प्रदेशातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत मिळालेल्या नमुन्यावरून. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे तो शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडला नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधील जंगलात तो पुन्हा सापडला, आणि १०० चौरस किलोमीटरांपेक्षाही लहान, तेही तुटक होत चाललेल्या अधिवासात तो टिकून असल्यामुळे आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले आहे. पुनर्शोधानंतर थोड्याच वर्षांत तो परदेशी छंदाच्या बाजारात पोहोचला, आणि आज त्याची बंदिवासात जन्मलेली पिल्ले तेथे सहज मिळतात. आपल्या जन्मभूमीत नाहीसा होण्याच्या मार्गावर असलेला जीव परदेशात विपुल असणे, ही परिस्थिती फुकट मिळालेल्या पिल्लाकडे क्षुल्लक वस्तू म्हणून पाहण्याच्या सवयीतील धोका स्पष्ट करते, कारण बाजारातील विपुलता आणि निसर्गातील विपुलता यांचा परस्परांशी काहीही संबंध नसतो.

नावाची चिठ्ठी आणि कायद्याचा कागद

फुकट दिलेल्या पिल्लाच्या कुपीवर कधी केवळ सामान्य नाव असते, कधी 'मिश्र' किंवा 'अज्ञात' एवढेच लिहिलेले असते. पैसे घेऊन दिलेल्या प्राण्याबाबत जी काटेकोर नोंद ठेवली जाते ती भेटीबाबत ठेवली जात नाही, आणि याचा परिणाम पुढील पिढ्यांवर होतो. नोंदी असूनही घोटाळे कसे होतात याचे उत्तम उदाहरण म्हणजे मेक्सिकोतील लाल गुडघ्यांचा प्रसिद्ध कोळी. तो दशकानुदशके ब्रॅकिपेल्मा स्मिथी या नावाने विकला जात होता. परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट केले, की छंदात त्या नावाने वावरणारे बहुतेक कोळी प्रत्यक्षात ब्रॅकिपेल्मा हॅमोरी या जातीचे आहेत. ज्या प्राण्यांचे मूळ ठिकाण आणि वंश माहीत नसतो त्यांची अशा वेळी खात्रीने विभागणी करता येत नाही, आणि जवळच्या जातींचा संकर होऊन शुद्ध वंश हरवतो. नाव नसलेले पिल्लू पाळण्यात गैर काही नाही, पण त्याच्यापासून पैदास करणे टाळले पाहिजे, हे या क्षेत्रातील जबाबदार लोकांचे मत म्हणूनच योग्य आहे.

कायद्याच्या दृष्टीने या भेटी एका मोठ्या पोकळीत वावरतात. इंग्लंड आणि वेल्सच्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने १६ वर्षांखालील मुलांना प्राणी विकण्यावर बंदी घातली आणि त्यांना बक्षीस म्हणून प्राणी देण्यावर कडक बंधने आणली, आणि स्कॉटलंडने त्याच वर्षी याविषयी अधिक व्यापक बंदी केली. प्राण्याची जबाबदारी योगायोगाने कोणाच्या गळ्यात पडू नये, हे तत्त्व त्यामागे आहे. मात्र या कायद्यांत प्राणी म्हणजे मुळात पृष्ठवंशी, म्हणजे पाठीचा कणा असलेला प्राणी, त्यामुळे जत्रेतील सोनेरी माशाला मिळणारे संरक्षण कोळ्याला मिळत नाही. अमेरिकेचा १९६६ चा प्राणिकल्याण कायदा तर उष्ण रक्ताच्या प्राण्यांपुरताच मर्यादित आहे.

संवर्धनाचे कायदे मात्र कोळ्यांनाही लागू होतात, आणि ते किंमत विचारत नाहीत. धोक्यात आलेल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या सायटीस या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ब्रॅकिपेल्मा स्मिथीचा समावेश १९८५ मध्ये झाला, पुढील दशकात ती संपूर्ण प्रजाती त्यात आली, आणि २०१९ च्या जिनिव्हा येथील परिषदेत पोइसिलोथेरियाचीही भर पडली. या परिशिष्टातील प्राणी सीमा ओलांडत असेल तर त्याच्याबरोबर परवाना लागतो, मग तो विकत दिलेला असो वा प्रेमाने भेट दिलेला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर दोन्हींमधील व्यवहारालाही हीच अट लागू झाली असून, खोक्यात ऐनवेळी टाकलेले कागदपत्रांविना एक पिल्लू संपूर्ण पार्सल जप्त होण्यास कारण ठरू शकते. अमेरिकेने २०१८ मध्ये श्रीलंकेतील पाच पोइसिलोथेरिया जातींना संकटग्रस्त घोषित केल्यावर त्यांची एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विनापरवाना विक्री बंद झाली. भारतातही वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सायटीस करारातील जातींसाठी स्वतंत्र अनुसूची जोडली असून, अशा जातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन घातले आहे. म्हणून महाराष्ट्रात किंवा गोव्यात कोणी परदेशी कोळी मित्राकडून भेट म्हणून स्वीकारत असेल, तर त्यानेही ही बाब आधी तपासून पाहणे आवश्यक आहे.

नको असलेल्या पिल्लाचे पुढे काय होते, याचा विचार भेट देणाऱ्याच्या मनात क्वचितच येतो. त्यातली काही दुसऱ्याला दिली जातात, काही दुर्लक्षामुळे कोरडी पडून मरतात, आणि काही पळतात किंवा बाहेर सोडली जातात. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील ट्लिल्टोकॅटल व्हॅगन्स हा कोळी १९९० च्या दशकात अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, सेंट लुसी परगण्यातील संत्र्यामोसंब्यांच्या बागेत स्थायिक झाल्याचे आढळले, आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून तो तेथे आला असावा असे मानले जाते. एकाच पिशवीतून शेकडो पिल्लांना जन्म देणारी जात परक्या भूमीत रुजली, की तिला हटवणे किती अवघड असते हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

स्वीकारार्ह भेटीच्या अटी

या सर्वांचा अर्थ ही प्रथा संपूर्णपणे त्याज्य आहे, असा नाही. अनुभवी पाळणाऱ्याला फुकट मिळालेल्या पिल्लामुळे नवीन जातीचा अभ्यास करता येतो, तरुण विद्यार्थ्याला परवडणार नाही असा प्राणी हाती येतो, आणि एखाद्या जातीची बंदिवासातील संख्या अनेक घरांत विखुरली गेल्याने ती एका अपघातात नष्ट होण्याची भीती कमी होते. काही विक्रेते कोळ्याऐवजी स्प्रिंगटेल नावाचे, ओल्या मातीत राहून बुरशी खाणारे सूक्ष्म जीव देतात. ते कोळ्याच्या दमट डबीची स्वच्छता राखतात आणि घेणाऱ्यावर नवा भार टाकत नाहीत, म्हणून ही भेट अधिक विचारी म्हणावी लागेल.

कोळ्याचे पिल्लू द्यायचेच असेल, तर खरेदीच्या वेळी गिऱ्हाइकाला ते हवे आहे का, त्याचा अनुभव किती आहे आणि कोणते गट त्याला नको आहेत, हे विचारले पाहिजे. कुपीवर जातीचे शास्त्रीय नाव, जन्माचा काळ आणि पैदासकाराची ओळख लिहिली पाहिजे. आणि घेणाऱ्याला पुढे ते सांभाळणे अशक्य झाल्यास परत घेण्याची तयारी ठेवली पाहिजे. घेणाऱ्यानेही नकार देणे म्हणजे औदार्याचा अपमान, असे मानू नये. पैदासकाराने तर त्याही आधी विचार करावा, की ज्या जातीच्या पिल्लांना गिऱ्हाईकच नाही तिचे नर-मादी दरवर्षी एकत्र आणण्याची गरज आहे का.

निसर्गात शेकड्यांनी मरणारी ही पिल्ले बंदिवासात जगतात, ती माणसाने त्यांना जगवण्याचा निर्णय घेतला म्हणून. त्यांची वरकड संख्या ही माणसाच्याच कौशल्याची निर्मिती आहे, आणि म्हणून प्रत्येक पिल्लाला माहितीनिशी स्वीकारणारे घर मिळवून देणे हे पैदासकाराचे कर्तव्य ठरते. खोक्यात एक जादा कुपी सरकवून ते दुसऱ्यावर ढकलता येत नाही. घेणाऱ्याची संमती, प्राण्याची खरी ओळख आणि आयुष्यभराच्या संगोपनाची शक्यता या तीन गोष्टी असतील, तरच जिवंत प्राण्याच्या देवाणघेवाणीला भेट हे नाव शोभते.